जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: वायफाय, डोंगल आणि तो टेलिफोनचा जॅक

प्रश्न थोडक्यात असा: घरात २००८ च्या सुमाराचा डेल इन्स्पिरॉन १५२५ पडून होता, त्यावर लिनक्सचं डेबियन १२ टाकलं. राउटरपासून वायर ओढली की नेट चालतं, पण वायफायचं चिन्हच उगवत नाही. हुआवेचा जुना ३जी डोंगल लावला तर तो सीडीसारखा उघडतो. शिवाय कडेला टेलिफोनचा जॅक आहे, त्या मोडेमचं काही करता येईल का? आणि दुकानदार म्हणतो, "या लॅपटॉपला लिनक्सचे ड्रायव्हरच नाहीत."

वायफाय अर्ध्या तासात चालेल. डोंगलही चालेल, पण चालून फारसा उपयोग होणार नाही. मोडेमचा नाद सोडा. आता एकेक बघू.

आधी दुकानदाराचं वाक्य निकालात काढतो. ड्रायव्हर म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम; तो लॅपटॉपला नसतो, चिपला असतो. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डं निघू शकतात. म्हणून मॉडेलच्या नावाने उपाय शोधायला गेलं की दहा जणांचे दहा उपाय हाती लागतात आणि त्यातले बरेचसे भलत्याच कार्डाचे असतात. लोक ते सगळे एकावर एक करून बघतात आणि मग माझ्याकडे जो लॅपटॉप येतो, त्यात मूळ दुखणं कुठलं आणि औषधाने झालेलं कुठलं हेच कळेनासं होतं.

तेव्हा टर्मिनल उघडा आणि एलएसपीसीआय ही कमांड द्या, पुढे डॅश लावून एनएनके. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना सगळी छोटी रोमन अक्षरं.) नेटवर्कच्या ओळीत चौकोनी कंसात चार-चार अक्षरांची एक जोडी दिसेल, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. पहिली चार कंपनीची, पुढची चार चिपची. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस, १०ईसी म्हणजे रिअलटेक. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा आकडा घेतलाय, त्यांच्याच जुन्या प्रोसेसरचा. ही जोडी कागदावर लिहून लॅपटॉपच्या पोटाला चिकटवून ठेवा. पुढे जे काही शोधाल ते मॉडेलच्या नावाने नाही, या जोडीने शोधा.

तुमच्या मॉडेलात बहुधा १४ई४:४३१५ निघेल. ती चिप ब्रॉडकॉमची बीसीएम४३१२, आणि कार्डावर डेलने नाव छापलेलं असतं वायरलेस १३९५. त्याच ओळीखाली 'वापरात असलेला ड्रायव्हर' म्हणून बी४३-पीसीआय-ब्रिज असं काहीतरी दिसेल आणि तुम्हाला वाटेल, ड्रायव्हर तर लागलाय, मग घोडं अडलंय कुठे? हा ब्रिज म्हणजे फक्त दारावरचा माणूस. ब्रॉडकॉमच्या या जुन्या चिपांच्या पोटात त्यांची स्वतःची एक छोटी बस, म्हणजे माहितीची आतली वाट, असते, ब्रिज तिचं दार उघडून देतो. वायफायचं काम करणारा बी४३ हा ड्रायव्हर त्या आतल्या बसवर बसतो. तो बसलेलाही आहे. त्याच्याकडे नाही ते फर्मवेअर.

फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम. जुन्या लॅन कार्डांत तो लागतच नसे, किंवा कार्डावरच्या चिपमध्ये कायमचा भरलेला असे. बऱ्याच वायफाय कार्डांत कंपन्यांनी ती चिप वाचवली आणि लॅपटॉप चालू झाला की दर वेळी ड्रायव्हरने फर्मवेअर बाहेरून भरायचं अशी सोय केली. विंडोजमध्ये ते ड्रायव्हरच्या फाइलमध्येच गुंडाळलेलं येतं म्हणून कळत नाही. तुमचं वायरचं कार्ड मार्व्हेलचं, त्याचा स्काय२ हा ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे आणि त्याला बाहेरून काही भरावं लागत नाही, म्हणून वायर खोचताक्षणी नेट आलं. वायफायचं मात्र आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आता तुम्ही म्हणाल, डेबियन १२ मध्ये फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबरच येतं म्हणतात. येतं. २०२३ साली आलेल्या त्या आवृत्तीपासून इंटेल, रिअलटेक वगैरेंचं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असतं. पण या ब्रॉडकॉमचं येत नाही, कारण ते वाटण्याची परवानगी कंपनीने कधी दिलीच नाही. ड्रायव्हरसुद्धा कंपनीचा नाही. काही जणांनी राउटरमधल्या ड्रायव्हरची चिरफाड करून चिप कशी वागते ते लिहून काढलं, आणि दुसऱ्या काही जणांनी फक्त ते टिपण वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. हात दोन वेगळे ठेवले, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप नको. तो ड्रायव्हर २००६ साली कर्नेल २.६.१७ मध्ये गेला आणि त्याचीच सुधारलेली आवृत्ती बी४३ म्हणून २००८ च्या जानेवारीत २.६.२४ मध्ये आली. फर्मवेअरसाठी मात्र आजही तीच पळवाट आहे: कंपनीचा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा आणि एफडब्ल्यूकटर नावाच्या हत्याराने त्याच्या पोटातून फर्मवेअर कापून काढायचं. हे काम एक पॅकेज तुमच्यासाठी करतं, पण तुमच्याच मशीनवर, त्या क्षणी.

करण्याआधी खात्री करून घ्या. सुडो (म्हणजे मुख्य वापरकर्त्याच्या हक्काने) लावून डीमेसेज (डी-एम-ई-एस-जी) चालवा आणि त्यात बी४३ शोधा. 'बी४३/यूकोड१५.एफडब्ल्यू सापडली नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली की निदान पक्कं. मला ही ओळ आवडते. लिनक्स सहसा इतकं सरळ बोलत नाही.

मग एपीटीच्या, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजं उतरवून टाकणाऱ्या प्रोग्रामच्या, सोर्सेस-लिस्ट फाइलमध्ये, जिथे मेन लिहिलंय त्या प्रत्येक ओळीत पुढे कॉन्ट्रिब हा शब्द घाला. एपीटी अपडेट करा आणि फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर हे पॅकेज टाका. वायर लावलेलीच ठेवा, कारण ते टाकताना फर्मवेअर नेटवरून ओढतं. मध्येच नेट गेलं तर पॅकेज बसल्यासारखं दिसतं आणि फर्मवेअरचं फोल्डर रिकामं राहतं. एकदा लिब-फर्मवेअर-बी४३ मध्ये डोकावून फाइली आल्यात ना ते बघा. नंतर मॉडप्रोबने बी४३ काढून परत घाला, किंवा सरळ लॅपटॉप बंद करून चालू करा.

ज्यांच्याकडे वायरही नाही त्यांनी अँड्रॉइड फोन यूएसबीला लावून सेटिंगमधलं यूएसबी टेदरिंग चालू करावं. लिनक्सला फोन हे एक लॅन कार्ड वाटतं, त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये असतो, आणि फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच वायफाय तो वायरीतून लॅपटॉपला देतो. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं नेटवर्क कार्ड म्हणजे खिशातला फोन.

एक खड्डा सांगून ठेवतो. पंधरा-सतरा वर्षांच्या लॅपटॉपात घड्याळाचा सेल, तो नाण्यासारखा सीआर२०३२, बहुतेक मेलेला असतो. बॅटरीही मेलेली असली तर प्लग काढला की तारीख मागच्या कुठल्यातरी सालावर जाते. मग एपीटी म्हणतं, ही रिलीज फाइल अजून वैध नाही. ब्राउझर प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर तक्रार करतो. आणि माणूस म्हणतो, नेट खराब आहे. आधी डेट ही कमांड देऊन तारीख बघा. चुकली असेल तर हाताने लावा, आणि सेल बदलून टाका.

ब्रॉडकॉमचा स्वतःचा बंद ड्रायव्हरही आहे, डब्ल्यूएल नावाचा, डेबियनमध्ये तो ब्रॉडकॉम-एसटीए म्हणून मिळतो आणि ४३१५ ला चालतो. मी या चिपला तो लावत नाही. दर कर्नेल अपडेटला तो नव्याने बांधावा लागतो, आणि एखाद्या नव्या कर्नेलवर बांधला गेला नाही की नेमकं परीक्षेच्या फॉर्मच्या दिवशी वायफाय जातं. काही नव्या ब्रॉडकॉम चिपांना त्याच्याशिवाय गत्यंतर नसतं, ती गोष्ट वेगळी. पण दोन्ही एकदम ठेवू नका. डब्ल्यूएल टाकलं की ते बी४३ ला काळ्या यादीत टाकतं, आणि नंतर डब्ल्यूएल अर्धवट काढलं तर ती यादी मागे राहते. मॉडप्रोब-डी फोल्डरमधल्या ब्लॅकलिस्टच्या फाइली बघितल्याशिवाय पुढचं काही करू नका.

फर्मवेअर भरलं, चिन्ह आलं, तरी एकही नेटवर्क दिसत नाही? आरएफकिल लिस्ट अशी कमांड द्या. त्यात 'सॉफ्ट' अडवलेलं असेल तर आरएफकिल अनब्लॉकने सुटतं. 'हार्ड' अडवलेलं असेल तर कुठलीही कमांड त्याला हात लावू शकत नाही. कडेला एक सरकती कळ असते ती सरकवा. थिंकपॅडच्या टी६०, एक्स६० च्या काळात ती पुढच्या ओठाखाली असे, दप्तरात घालताना आपोआप सरकायची. एका शाळेच्या सहा लॅपटॉपांपैकी एकावर मी अख्खी संध्याकाळ घालवून डेबियन दोनदा नव्याने टाकलं होतं, आणि शेवटी शिपाईमामांनी विचारलं, "सर, हे बटण कशाचंय?" चोर सोडून संन्याशाला फाशी. तेव्हापासून आरएफकिल मी आधी चालवतो, बाकीचं नंतर.

बाकी सगळी नेटवर्कं दिसतात आणि घरचंच दिसत नाही, असं असेल तर लॅपटॉपचा दोष नाही. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलते. हल्ली फायबरबरोबर येणाऱ्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव असेल तर ते तिला ऐकूच येणार नाही. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) ठेवलं असेल तर नाव दिसूनही जोडणी अडू शकते; २.४ साठी डब्ल्यूपीए२ एईएस ठेवा. आणि राउटर १२ किंवा १३ व्या चॅनेलवर गेला असेल तर अमेरिकेच्या नियमाने चालणारं कार्ड तिकडे बघतच नाही, कारण तिथे ११ पर्यंतच चॅनेल वापरतात. आपल्याकडे १३ पर्यंत चालतात. राउटरला १, ६ किंवा ११ वर बांधून ठेवणं सगळ्यात सोपं.

एवढं करूनही जोडणी दर दहा मिनिटांनी तुटत असेल तर आधी पॉवर सेव्ह बंद करून बघा. तरीही नाही थांबलं तर मी ड्रायव्हरशी झुंजत बसत नाही, कार्ड बदलतो. अथेरॉसचं जुनं कार्ड, एआर९२८० किंवा एआर९२८५, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात काही शे रुपयांत मिळतं. त्याला एटीएच९के हा ड्रायव्हर लागतो, तो कर्नेलमध्ये आहे आणि फर्मवेअर मागतच नाही. लावलं की चाललं. बॅटरी काढा, पोटाचं झाकण उघडा, कार्डावर पांढरी आणि काळी अशा दोन बारीक वायरींच्या टोप्या बसवलेल्या दिसतील. त्या वायरीला धरून ओढू नका, टोपीखाली नख घालून सरळ वर उचला. तिरपी उचलली की कार्डावरचा खुंटच उखडतो. अर्ध्या लांबीचं कार्ड घेतलंत तर त्याला जोडपट्टी लागेल, नाहीतर स्क्रू बसत नाही.

डेलच्या या मॉडेलात दुसऱ्या कंपनीचं कार्ड घालायला मला कधी आडकाठी आली नाही. त्या काळच्या बऱ्याच थिंकपॅड आणि एचपीच्या बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) मात्र मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं घातलं की थिंकपॅड १८०२ चा आणि एचपी १०४ चा संदेश दाखवून तिथेच थांबतात. तिथे त्याच कंपनीचा भाग क्रमांक असलेलं कार्ड शोधणं हाच सरळ मार्ग.

कधी कधी नवं कार्ड बसतं, ओळखलंही जातं, पण कायमचं 'हार्ड' अडवलेलं राहतं, कळ कुठेही असली तरी. मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्डाच्या ५२ पट्ट्यांपैकी २० व्या पट्टीतून लॅपटॉप कार्डाला 'गप्प बस' असं सांगतो. ती पट्टी झाकली की कार्डाला हुकूम पोचत नाही. सम आकड्यांची बाजू वर घ्या, खाच शोधा. खाचेच्या मोठ्या बाजूला पहिली पट्टी १८ वी, दुसरी २० वी. दोन पट्ट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर, म्हणजे सेलोटेपची चिंधी ब्लेडने केसाएवढी कापावी लागते. चिमट्याने ठेवा, नखाने दाबा आणि टोक मागे दुमडा, नाहीतर कार्ड खाचेत सरकताना टेप गोळा होतो. शेजारची पट्टी झाकली गेली तर कार्ड दिसणारच नाही. काढा, परत करा. मला चष्मा लागल्यापासून हे काम मी भाच्याकडून करून घेतो.

तुमच्या लॅपटॉपात भलतंच कार्ड निघालं तर दोन ओळींत सांगतो. इंटेलच्या २२०० किंवा ३९४५ ला डेबियन १२ मध्ये काही करावं लागू नये. पेंटियम एमचा सुरुवातीचा लॅपटॉप असेल तर पीएई (जास्त मेमरी वापरायची सोय) मागणारं कर्नेल त्यावर सुरू होत नाही, कारण तो प्रोसेसर पीएई येतं हे लपवतो. अशा कर्नेलला बूट करताना फोर्सपीएई असं लिहावं लागतं. आणि असा ३२ बिटचा लॅपटॉप असेल तर डेबियन १२ वरच थांबा, १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. २०१४-१५ च्या काही एचपींमध्ये रिअलटेकचं आरटीएल८७२३बीई असतं. राउटर हातभर अंतरावर असूनही एकच दांडी दिसते, कारण लॅपटॉपात अँटेना एकच बसवलेली असते आणि ड्रायव्हर दुसऱ्या, रिकाम्या खुंटावर कान लावून बसतो. त्याच्या ड्रायव्हरला एएनटी-सेल हा पर्याय १ किंवा २ देऊन बघा, दोहोंपैकी एकाने दांड्या भरतात.

आता डोंगल. तो सीडीसारखा उघडतो ती त्याची खोड नाही, तशीच सोय केलेली आहे: विंडोजला लागणारे ड्रायव्हर त्याच्याच पोटात सीडी म्हणून ठेवायचे, ते टाकले की त्याने मोडेम व्हायचं. लिनक्सवर हा पालट यूएसबी-मोडस्विच करतो. ते पॅकेज आणि मोडेममॅनेजर टाका, डोंगल काढून परत लावा आणि एलएसयूएसबी चालवा. हुआवेच्या बऱ्याच डोंगलांत आधी १२डी१:१४४६ दिसतं आणि दोन-चार सेकंदांनी १२डी१:१००१. आकडा बदलला म्हणजे मोडेम जागा झाला. मग नेटवर्कमॅनेजरमध्ये मोबाइल ब्रॉडबँडची जोडणी करून एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव, घाला: बीएसएनएलला बीएसएनएलनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम. सिम आधी फोनमध्ये घालून त्याचा पिन (कुलपाचा आकडा) काढून टाका, निम्मी डोकेदुखी वाचते.

पण खासगी कंपन्यांनी ३जी जवळजवळ बंद केलंय. जिओकडे २जी-३जी कधी नव्हतंच, त्यामुळे त्यांचं सिम या डोंगलात मुकंच राहील. इतरांच्या सिमवर डोंगल बहुधा २जीवर उतरतो, आणि त्या वेगात आजची बँकेची साइट उघडणं म्हणजे एसटीची वाट बघणं. सीडीएमएचे फोटॉनसारखे डोंगल असतील तर ते फक्त कचऱ्यात, कारण ते नेटवर्कच उरलेलं नाही. गावी नेट हवं असेल तर ४जीचं छोटं हॉटस्पॉट यंत्र घ्या. ते यूएसबीला लावलं की फोनसारखंच लॅन कार्ड म्हणून दिसतं, मोडेमची भानगडच नाही.

राहिला टेलिफोनचा जॅक. तुमच्या मॉडेलात साधारण कोनेक्झंटचं पिल्लू-कार्ड असतं. ते मोडेम नव्हेच, अर्धा मोडेम आहे. आवाजाच्या बसला लटकलेलं, टेलिफोन लाइनचे सूर आकड्यांत बदलणारं कार्ड. त्या आकड्यांतून माहिती काढायचं खरं काम विंडोजमधला प्रोग्राम करायचा. म्हणून यांना विनमोडेम म्हणत. लिनक्ससाठी या कोनेक्झंटचा एक विकतचा ड्रायव्हर होता. फुकट घेतला तर वेग १४.४ केवर अडवलेला. स्मार्टलिंकच्या मोडेमांना वेगळा डेमन, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, होता, त्याचाही गाभा बंद आणि ३२ बिटचा. आजच्या ६४ बिट कर्नेलवर हे सगळं उभं करणं शक्य असलं तरी मी ते पैसे घेऊनसुद्धा करणार नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यानंतरच्या डायल-अपच्या वर्षांत जे शिकलो त्यातली एकच गोष्ट कामाची वाटते. बाहेरून सिरियल पोर्टला लावायचा पूर्ण मोडेम कुठल्याही लिनक्सवर कसलाही ड्रायव्हर न मागता चालतो, आणि 'डायल टोन नाही' म्हणून अडला तर सुरुवातीच्या ओळीत एटीएक्स३ घातलं की टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. आपल्या एक्स्चेंजचा सूर त्याच्या ओळखीचा नसायचा. आजही कुणाला फॅक्ससाठी मोडेम हवाच असेल तर जुना बाहेरचा शोधून यूएसबी-सिरियल वायरीने लावावा. तोही तांब्याच्या लाइनवर. फायबरवरून येणाऱ्या फोनला आवाज पुड्या बांधून जातो, त्यात मोडेमचा सूर हमखास तुटतो.

तुमच्या त्या जॅकवर कागदी टेप लावून टाका. लॅनची पिन त्यात जात नाही, पण उलटं होतं: टेलिफोनची छोटी पिन लॅनच्या खाचेत आरामात बसते. तांब्याच्या लाइनवर एरवीच ४८ व्होल्ट असतात आणि रिंग आली की त्याहून बरेच जास्त. मार्व्हेलचं ते कार्ड मदरबोर्डवरच आहे, जळलं तर बदलता येत नाही.